डिलीट न होणारे फोल्डर: ट्रस्टेडइन्स्टॉलर, ॲक्सेस डिनाइड आणि बाकीची भानगड

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. जुन्या कॉम्प्युटरची १ टीबीची हार्ड डिस्क नवीन मशीनला दुसरी डिस्क म्हणून जोडलीय, नवीन विंडोज ११ एसएसडीवर आहे, जुनी डिस्क डी ड्राइव्ह म्हणून दिसते आणि तिच्यात जुनं विंडोज, प्रोग्राम फाइल्स, यूजर्स असं सगळं पडलंय. डिलीट करायला गेलं की ‘यू नीड परमिशन फ्रॉम ट्रस्टेडइन्स्टॉलर’ येतं. तुम्ही स्वतः ॲडमिन आहात, अँटिव्हायरस बंद करून पाहिला, सेफ मोडमध्ये पाहिलं, नेटवरून एक फोर्स डिलीटचं टूल आणलं, तरी ढिम्म. शिवाय पेनड्राइव्हवर एक ऑटोरन नावाचा फोल्डर आहे तो पण जात नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हे दोन फोल्डर दोन वेगळ्या कारणांनी अडलेत, त्यामुळे एकाच टूलने दोन्ही जातील ही अपेक्षा सोडा. विंडोज फोल्डर डिलीट करायला नाही म्हणतं त्याची कारणं मोजून चार-पाच असतात. एकतर तुम्हाला परमिशन नाही, किंवा आतली फाइल कुठलातरी प्रोग्राम वापरतोय, किंवा नाव नाहीतर पत्ताच असा आहे की एक्सप्लोररला तो झेपत नाही, किंवा कुठल्यातरी सॉफ्टवेअरने मुद्दाम कुलूप घातलंय, किंवा डिस्कच खराब होत आलीय. आणि गंमत म्हणजे येणारा मेसेज बहुतेक वेळा खरं कारण सांगतो, पण लोक मेसेज न वाचता ट्राय अगेन दाबत बसतात. दुकानात मशीन घेऊन आलेल्या माणसाला मी पहिल्यांदा हेच विचारतो की मेसेज नक्की काय येतो, आणि दहातल्या नऊ जणांचं उत्तर ‘काहीतरी एरर येतो’.

आता तुमची केस. ट्रस्टेडइन्स्टॉलर हा व्हायरस नाही, हॅकर नाही, कुणी दुसरा यूजर पण नाही. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, मायक्रोसॉफ्टने सिस्टीमच्या फाइल्सचा मालक ॲडमिनऐवजी ही सर्व्हिस केली, कारण एक्सपीमध्ये ॲडमिन म्हणून बसलेला माणूस (आणि त्याच्यामागून आलेला कुठलाही व्हायरस) सिस्टीम फाइल्सवर सहज हात मारायचा. अपडेट करायचं तर ते ट्रस्टेडइन्स्टॉलर करणार, बाकी सगळे फक्त वाचणार, तुम्ही ॲडमिन असलात तरी. ही माहिती डिस्कवरच एनटीएफएसमध्ये (विंडोजची डिस्कवर फाइल्स मांडून ठेवायची पद्धत) प्रत्येक फाइलसोबत लिहिलेली असते, म्हणून डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी नियम सोबत येतात. नवीन विंडोजला कळत नाही की हे जुनं मेलेलं विंडोज आहे, त्याला फक्त मालक ट्रस्टेडइन्स्टॉलर दिसतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या नाहीतर पुढचं अर्धवट होतं. मालक असणं आणि परमिशन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून जमिनीचा ताबा मिळतोच असं नाही ना, तसंच आहे. ओनर झालात की तुम्हाला फक्त परमिशन बदलायचा हक्क मिळतो, डिलीट करायची परमिशन तुम्हाला स्वतःला वेगळी द्यावी लागते. लोक प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असं जाऊन ओनर बदलतात, ओके करतात आणि परत ॲक्सेस डिनाइड आलं की वैतागतात, कारण दुसरी पायरी राहिलेली असते. आणि माउसने हे विंडोजसारख्या लाखभर फाइल्सच्या फोल्डरवर करायचं म्हणजे वैताग आहे, त्यापेक्षा कमांड बरी.

पण कमांडच्या आधी तीन गोष्टी, आणि या खरंच आधी.

एक, बूट कुठून होतंय ते बघा. नवीन विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेलीच असेल तर बऱ्याचदा बूट मॅनेजर (मशीन चालू केल्यावर विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) जुन्या डिस्कवरच्या छोट्या पार्टिशनमध्ये राहतो आणि विंडोज तेवढं एसएसडीवर जातं. डिस्क मॅनेजमेंट उघडा (स्टार्ट बटणावर राइट क्लिक केलं की यादीत दिसतं) आणि ‘सिस्टीम’ किंवा ‘ईएफआय सिस्टीम पार्टिशन’ असं कुठल्या डिस्कच्या ओळीत लिहिलंय ते बघा. ‘बूट’ लिहिलेलं पार्टिशन म्हणजे आत्ता चालू असलेलं विंडोज, आणि ‘सिस्टीम’ लिहिलेलं म्हणजे जिथून मशीन सुरू होतं ते, नावं उलटी वाटतात पण तशीच आहेत. याहून सोपी परीक्षा म्हणजे मशीन बंद करा, जुन्या डिस्कची केबल काढा आणि चालू करून बघा. सुरू झालं तर बिनधास्त.

दोन, यूजर्समधून काय काय न्यायचंय. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळ्यांना आठवतात. टॅलीचा डेटा आठवत नाही, टॅलीप्राइम डीफॉल्टने तो यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये ठेवतं, तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये नाही. आउटलुकची पीएसटी फाइल (जुने मेल हिच्यात असतात) असेल तर ती पण शोधा. आणि एखाद्या फाइलच्या आयकॉनवर छोटं कुलूप दिसत असेल किंवा नाव हिरव्या रंगात असेल तर ती विंडोजने एन्क्रिप्ट केलेली आहे, मालकी घेतली तरी ती उघडणार नाही, तिला जुन्या यूजरचं सर्टिफिकेट लागतं, म्हणून अशा फाइल्स असतील तर जुनं विंडोज एकदा त्याच डिस्कवरून चालू होतंय का ते बघून आधी त्या सोडवून घ्या.

तीन, आणि हे मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी खास. जुन्या मशीनवर श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकचं आयएसएम असलं काही होतं का? पत्रिका, हँडबिलं, संस्थेचे अहवाल, घरातल्या कुणाचं जुनं लिखाण त्या फॉन्टमध्ये असेल तर ते फॉन्ट जुन्या विंडोजच्या फोल्डरमधल्या फॉन्ट्समध्ये पडलेत. विंडोज उडवलं की फाइल राहते पण उघडली की ‘ÉÊ’ छाप कचरा दिसतो, आणि मग माणसं म्हणतात फाइल करप्ट झाली. करप्ट वगैरे काही नसते, फॉन्ट गेलेला असतो. एक्सप्लोररमध्ये फॉन्ट्सचा फोल्डर नेहमीच्या फोल्डरसारखा वागत नाही, म्हणून कमांड प्रॉम्प्टमधून टीटीएफ फाइल्स (म्हणजे फॉन्टच्या फाइल्स) कॉपी करून वेगळ्या फोल्डरला ठेवा.

हे सगळं काढून झालं आणि बूटची परीक्षा पास झाली की माझं स्पष्ट मत असं की डिलीट करतच बसू नका, डी ड्राइव्ह फॉरमॅट करा. क्विक फॉरमॅट काही सेकंदांचं काम आहे, त्याला ट्रस्टेडइन्स्टॉलरशी काही देणंघेणं नाही. लोक फोल्डर डिलीट करायच्या मागे लागतात कारण त्याच ड्राइव्हवर फोटो, पिक्चर, गाणी आहेत आणि ती हलवायला जागा नाही असं वाटतं. एसएसडीवर तात्पुरती जागा होत असेल किंवा कुणाची बाहेरची डिस्क मिळत असेल तर तेवढं हलवा, फॉरमॅट मारा, परत आणा.

तेही शक्य नसेल तर आता कमांड. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. नुसतं उघडलेलं चालणार नाही. मी फोनवर गिऱ्हाइकाला सांगतो तशीच सांगतो, टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांतच करायचं.

सगळ्यात आधी लिंकांचा बंदोबस्त, कारण हे कुणी सांगत नाही. विंडोजच्या ड्राइव्हवर आणि यूजर्स फोल्डरमध्ये काही खोटे फोल्डर असतात. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’, ‘ऑल यूजर्स’, ‘ॲप्लिकेशन डेटा’ ही एक्सपीच्या काळातली नावं आहेत आणि ते खरे फोल्डर नाहीत, दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या लिंका आहेत. आणि त्यांच्यात पत्ता लिहिलेला असतो सी ड्राइव्हचा! म्हणजे जुनी डिस्क आज डी असली तरी तिच्यातला ऑल यूजर्स आजच्या सी ड्राइव्हच्या प्रोग्रामडेटाकडे बोट दाखवतो, तुमच्या नवीन चालू विंडोजच्या. आता तुम्ही डी:\यूजर्सवर आतल्या सगळ्यांसकट मालकी घ्यायची कमांड दिली आणि ती त्या लिंकेतून पलीकडे गेली तर तुम्ही चालू सिस्टीमच्या परमिशन बदलताय आणि तुम्हाला पत्ताही नाही. चार दिवसांनी स्टार्ट मेनू उघडत नाही, स्टोअर चालत नाही, आणि दोष अपडेटला.

म्हणून आधी बघा:

डीआयआर /एएल /एस डी:\

याने डी ड्राइव्हवरच्या लिंका तेवढ्या दिसतील, पुढे जंक्शन किंवा सिमलिंकडी असं लिहिलेलं असतं आणि चौकटी कंसात ती कुठे बोट दाखवते तेही. यादी लांब येईल, घाबरू नका. काही फोल्डरच्या आत शिरायची परमिशन अजून नसल्यामुळे एखादी लिंक सुटू शकते, म्हणून मालकी घेताना पुढे सांगतो ती जादा काळजी पण घ्यायची. त्यातल्या ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ आणि ‘ऑल यूजर्स’ला नुसतं आरडी आणि डबल कोटमध्ये पत्ता देऊन उडवा, /एस लावू नका. नुसत्या आरडीने लिंक तेवढी जाते, पलीकडचं काही जात नाही. यूजरच्या नावाच्या फोल्डरमधल्या लिंकांनाही तसंच.

मग मालकी:

टेकओन /एफ "डी:\विंडोज" /ए /आर /डी वाय /स्किपएसएल

स्पेलिंग सलग टी-ए-के-ई-ओ-डब्ल्यू-एन. /ए म्हणजे मालकी तुमच्या एकट्याच्या नावावर न घेता ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपच्या नावावर, /आर म्हणजे आतलं सगळं, /डी वाय म्हणजे मध्ये विचारलंस तर उत्तर हो. आणि शेवटचं एस-के-आय-पी-एस-एल म्हणजे लिंकांच्या मागे जाऊ नकोस, हे जुन्या विंडोजच्या टेकओनमध्ये नाही पण ११ मध्ये आहे, लावाच. स्क्रीनवर सक्सेस सक्सेस असं धो धो पळत राहील, हार्ड डिस्क जुनी असेल तर चहा घेऊन या.

मग परमिशन:

आयकॅकल्स "डी:\विंडोज" /ग्रँट ॲडमिनिस्ट्रेटर्स:एफ /टी /सी /एल /क्यू

स्पेलिंग आय-सी-ए-सी-एल-एस. एफ म्हणजे फुल, /टी आतलं सगळं, /सी म्हणजे मध्ये एरर आला तरी थांबू नको, /एल म्हणजे लिंक आली तर लिंकेवरच काम कर, तिच्या पलीकडे नाही. ॲडमिनिस्ट्रेटर्स शेवटच्या एस सकट, एकवचनी लिहिलं तर तो वेगळाच यूजर आहे, आणि निम्म्या लोकांचं इथेच फसतं.

आणि शेवटी:

आरडी /एस /क्यू "डी:\विंडोज"

एंटर मारायच्या आधी ड्राइव्हचं अक्षर वाचा. परत वाचा. ही कमांड विचारत नाही, रिसायकल बिनमध्ये टाकत नाही, अनडू नाही. पत्ता हाताने टाइप करण्यापेक्षा एक्सप्लोररमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कॉपी ॲज पाथ’ घ्या, तो डबल कोटसकट येतो, स्पेस असलेल्या प्रोग्राम फाइल्ससारख्या नावाला तर कोट हवेतच, नाहीतर कमांड ‘डी:\प्रोग्राम’ एवढंच वाचते. प्रोग्राम फाइल्स, प्रोग्राम फाइल्स एक्स८६, प्रोग्रामडेटा यांनाही हेच तीन टप्पे. एवढं करूनही एखाद्या फोल्डरला ॲक्सेस डिनाइड येत असेल तर त्याच्यावर कुणीतरी ‘डिनाय’ लावलेलं असतं आणि डिनाय हे ग्रँटपेक्षा वरचढ असतं, अशा वेळी आयकॅकल्सला ग्रँटऐवजी /रीसेट द्या, म्हणजे जुने सगळे नियम पुसून वरच्या ड्राइव्हचे नियम लागू होतात.

आणि ही सगळी कसरत फक्त दुसऱ्या डिस्कवरच्या मेलेल्या विंडोजसाठी आहे. सी ड्राइव्हवरच्या चालू विंडोजवर, विनएसएक्सएसवर (विंडोजच्या स्वतःच्या भागांचा साठा), प्रोग्राम फाइल्समधल्या विंडोजॲप्सवर (स्टोअरच्या ॲपचा फोल्डर) हे करायचं नाही. विनएसएक्सएस प्रॉपर्टीजमध्ये दहा-बारा जीबी दिसतं म्हणून लोकांचे हात शिवशिवतात, पण त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्डलिंक असतात, म्हणजे एकच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते. राइट क्लिकच्या मेनूत ‘टेक ओनरशिप’ आणणारी रजिस्ट्रीची फाइल फिरत असते ती टाकून ठेवू नका, ती एकदा हाताशी असली की माणूस कुठेही दाबतो. सी वर विंडोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर असेल तर तो आपोआप १० दिवसांनी जातो, घाई असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स इथे ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर टिक करा. त्याला कमांडची गरज नाही.

डी ड्राइव्हवर नुसत्या आकड्या-अक्षरांच्या खिचडी नावाचा फोल्डर दिसतो आणि लोकांना वाटतं व्हायरस. बहुतेक वेळा तो मायक्रोसॉफ्टच्याच कुठल्यातरी इन्स्टॉलरने जास्त रिकामा ड्राइव्ह बघून तिथे सामान उघडलेलं असतं आणि नंतर उचललेलं नसतं. मशीन रिस्टार्ट केल्यावरही पडून असेल तर वरच्या तीन टप्प्यांनी खुशाल उडवा. विंडोजॲप्स, डब्ल्यूपीसिस्टीम असले फोल्डर डी वर असतील तर तिथे कधीतरी स्टोअरचं ॲप किंवा गेम टाकला होता, आधी ते सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करा, आणि नवीन ॲप कुठे सेव्ह होतात ते परत सी करा, नाहीतर आज काढलेला फोल्डर उद्या परत हजर.

आता ‘ओपन इन अनदर प्रोग्राम’ असा मेसेज येत असेल तर मालकी-परमिशनचा काही संबंध नाही, तिथे टेकओन मारून काही होणार नाही. फाइल कुणीतरी धरून ठेवलीय एवढंच. कोणी ते शोधायला रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयूच्या टॅबमध्ये असोसिएटेड हँडल्स आहे, तिथे फोल्डरचं नाव टाका, कुठल्या प्रोग्रामने धरलंय ते दिसतं. मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉईज टाकलं असेल तर राइट क्लिकवर फाइल लॉकस्मिथ येतं, ते अजून सोपं. बरेचदा गुन्हेगार एक्सप्लोरर स्वतःच असतो, प्रीव्ह्यू पेन चालू असतो आणि तो व्हिडिओचं चित्र काढत बसलेला असतो. किंवा तुमचीच कमांड प्रॉम्प्टची खिडकी त्याच फोल्डरमध्ये उभी असते, ती दुसरीकडे न्या. वनड्राइव्ह सिंक चालू असेल तर पॉज करा. आणि नेटवरची ती ‘फोर्स डिलीट’ टूलं, एखाद-दुसरं प्रामाणिक असतं, पण डाउनलोडच्या पानावर पाच हिरवी बटणं असतात आणि त्यातली चार भलतंच काहीतरी इन्स्टॉल करतात. तुम्ही जे आणलंय ते काढून टाका आणि एकदा डिफेंडरचा फुल स्कॅन मारा.

अँटिव्हायरसचाच फोल्डर उरला असेल, म्हणजे लायसन्स संपलं, अनइन्स्टॉल केलं, पण फोल्डर जात नाही, तर तो स्वतःचं रक्षण करतोय, ते त्याचं कामच आहे. जवळपास प्रत्येक कंपनी स्वतःचं रिमूव्हल टूल देते, तेच वापरा, हाताने नको.

तुमच्या पेनड्राइव्हची गोष्ट मात्र मजेशीर आहे. एक काळ होता की पेनड्राइव्ह सायबर कॅफेत लावला की ऑटोरनचा व्हायरस घेऊनच यायचा. त्यावर उपाय म्हणून काही टूलं पेनड्राइव्हवर ऑटोरन डॉट आयएनएफ याच नावाचा फोल्डर आधीच बनवून ठेवायची, म्हणजे व्हायरसला त्या नावाची फाइल बनवता येऊ नये. आणि तो फोल्डर व्हायरसला पण उडवता येऊ नये म्हणून आत एलपीटी३ असल्या नावाची वस्तू ठेवायची. कॉन, पीआरएन, ऑक्स, एनयूएल, कॉम१ ते ९, एलपीटी१ ते ९ ही नावं डॉसच्या जमान्यापासून उपकरणांसाठी राखीव आहेत, विंडोजला वाटतं तुम्ही प्रिंटर पोर्ट डिलीट करायला सांगताय. व्हायरसला नाही उडवता येत म्हणजे तुम्हालाही नाही. त्याला तोडगा असा:

आरडी /एस "\\?\एफ:\ऑटोरन.आयएनएफ"

एफच्या जागी पेनड्राइव्हचं अक्षर. सुरुवातीला दोन उलटे स्लॅश, प्रश्नचिन्ह, एक उलटा स्लॅश. याचा अर्थ विंडोजला सांगणं की बाबा नावाची छाननी करू नको, जसं आहे तसं घे. नावाच्या शेवटी स्पेस किंवा टिंब असलेले फोल्डर, जे मॅक नाहीतर लिनक्सवरून येतात आणि ‘कुड नॉट फाइंड धिस आयटम’ म्हणतात, तेही याच युक्तीने जातात, शेवटची स्पेस कोटच्या आत ठेवायची.

पत्ता लांब असण्याचा त्रास पण याच घरातला. विंडोजमधले बरेच प्रोग्राम, एक्सप्लोररसकट, पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या आत धरून चालतात. बॅकअपमध्ये बॅकअप, त्यात जुना बॅकअप, असं करत करत लोक ती हद्द ओलांडतात. आणि आपल्याकडे हे लवकर होतं, कारण मराठी नाव दिसतं त्यापेक्षा लांब मोजलं जातं, ‘ग्रामपंचायत’ डोळ्यांना सहा अक्षरं पण कॉम्प्युटरला अकरा, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळं वेगळं मोजतात. उपाय सोपा, वरच्या फोल्डरांची नावं बदलून ए, बी, सी अशी एकअक्षरी करत आत जा, पत्ता आखडला की डिलीट होतो. जास्तच खोल असेल तर एक रिकामा फोल्डर बनवून रोबोकॉपीला (विंडोजमधलीच कॉपी करायची कमांड) आधी रिकामा आणि मग नको असलेला असे दोन पत्ते देऊन /एमआयआर /एक्सजे लावा, तो दुसऱ्याला पहिल्यासारखा करतो, म्हणजे रिकामा. पत्त्यांचा क्रम बघून द्या, दुसरा जो असेल त्यातलं सगळं जाणार.

अजून एक नमुना नेहमी येतो, पोरांनी केलेलं फोल्डर लॉक. नोटपॅडमध्ये कुठूनतरी कॉपी केलेली लॉकर नावाची बॅच फाइल, पासवर्ड टाकला की फोल्डर गायब, आणि पासवर्ड विसरला. त्या बॅच फाइलवर राइट क्लिक करून एडिट करा, पासवर्ड आत साध्या अक्षरांत लिहिलेला दिसेल. गायब वगैरे काही झालेलं नसतं, फोल्डरचं नाव कंट्रोल पॅनलच्या लांबलचक कोडसकट बदललेलं असतं आणि त्याला हिडन-सिस्टीम केलेलं असतं. ॲट्रिब कमांडला वजा एच वजा एस देऊन उघडं करा, रेन कमांडने नाव बदला, झालं. पैसे घेऊन मिळणारी फोल्डर लॉक सॉफ्टवेअरं वेगळी, ती ड्रायव्हर टाकून अडवतात, तिथे आधी त्याच सॉफ्टवेअरमधून अनलॉक करून मग अनइन्स्टॉल, उलट क्रमाने केलं की आतला माल अडकतो.

शेवटचं कारण डिस्क. ‘करप्टेड अँड अनरीडेबल’ किंवा शेवटी ८००७०५७० असा कोड येत असेल, किंवा फोल्डर उघडायला मिनिटभर लागतो आणि डिस्कमधून टकटक आवाज येतो, तर परमिशनच्या मागे लागू नका. आवाज येत असेल तर चेकडिस्क पण चालवू नका, त्या बिचारीला अजून राबवाल, आधी महत्त्वाचं बाहेर काढा. आवाज नसेल तर सीएचकेडीएसके डी: /एफ, बहुतेक वेळा त्यानंतर फोल्डर निमूट जातो. त्यातून फाउंड डॉट ००० असला फोल्डर तयार झाला तर तो सापडलेल्या तुकड्यांचा असतो, त्यात तुमच्या कामाचं काही नाही ना ते बघून तोही उडवा.

लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून उडवा असा सल्ला पण तुम्हाला कुणीतरी देईल. चालतं, उबुंटू लाइव्ह असा चालवला तर एनटीएफएसच्या परमिशनकडे बघत नाही. पण विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ड्राइव्ह फक्त वाचायला मिळतो, म्हणून आधी रिस्टार्ट म्हणून बंद करा, शटडाउन म्हणून नाही, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला घातलेलं कुलूप) असेल तर रिकव्हरी की लागते. तुमच्या केसला एवढ्या लांब जायची गरज दिसत नाही.

डी वरचं सगळं गेल्यावर जागा अपेक्षेएवढी वाढलेली दिसली नाही तर सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशनमध्ये जुन्या विंडोजचे रिस्टोअर पॉइंट पडलेत. तो फोल्डर हाताने उडवू नका. सिस्टीम प्रोटेक्शन उघडून डी ड्राइव्ह निवडा, कॉन्फिगर, आणि डिलीट. तरी अडलं तर मेसेज जसा येतो तसा पूर्ण लिहा, नुसतं ‘एरर येतो’ नको.